तिसऱ्या गिअरचा दात

अंधेरीला मरोळच्या एका आतल्या गल्लीत मिहिरचं वर्कशॉप होतं. तिथे येणाऱ्या गाडीवाल्यांना बहुतेक एकच गोष्ट हवी असायची, इंजिनची ताकद वाढवून. इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो, नवा एक्झॉस्ट, कॉम्प्युटरमध्ये फेरफार. कोणी किती हॉर्सपॉवर काढली याच्या गप्पा कटिंग चहावर रंगायच्या. कोपऱ्यातल्या बाकावर जयवंत मुणगेकर एखादा गिअरबॉक्स पोट फाडल्यासारखा उघडून बसलेला असायचा. गप्पा ऐकून झाल्या की तो मान वर न करता विचारायचा, "दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकता तेव्हा इंजिनच्या फेऱ्यांचा काटा कितीवर पडतो?"

दहातल्या नऊ जणांना ते ठाऊक नसायचं. मग जयवंत सांगायचा, की इंजिन सगळ्या वेगात सारखं जोर लावत नाही. त्याची एक जागा असते, त्या जागेत काटा असेल तरच ते खेचतं. गिअर बदलला की काटा खाली येतो. दोन गिअरमधलं अंतर जास्त ठेवलं, तर तो त्या जागेच्या बाहेर पडतो आणि तुमची दोनशे हॉर्सपॉवरची गाडी दोन सेकंद बैलगाडी होते. "शिडीच्या पायऱ्या लांब लांब ठोकल्या तर पैलवान असला तरी धापा टाकणार," तो म्हणायचा. ऐकणारे हसायचे आणि मिहिरच्या केबिनमध्ये जायचे. कारण वर्कशॉप मिहिरचं होतं, गाडी जिंकली की नाव मिहिरचं व्हायचं, आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ हजारो माणसं बघायची.

जयवंत अठ्ठावन्न वर्षांचा होता. बाप मालवणकडून गिरणीत आला, आणि पोरगा आयटीआय करून भांडुपच्या गिअर बनवणाऱ्या कारखान्यात लागला. एकवीस वर्षं त्यानं हॉबिंग मशीनवर दात कापले. कारखाना बंद झाला, त्या जागी बत्तीस मजले उभे राहिले. पुढे दोन-चार ठिकाणी हात मारून तो मिहिरकडे आला, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत त्याच्या हातचे गिअर घालून किती गाड्यांनी शर्यती जिंकल्या, ते त्याला तोंडपाठ होतं. एकाही माणसानं त्याचं नाव घेतलं नव्हतं, हेही तोंडपाठ होतं. तसं तो बोलून दाखवायचा नाही. पण बायको वनमाला ओळखून होती. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी हा माणूस जेवताना ताटाकडे बघतच नसे.

त्याच्या बोलण्याचा खरा अर्थ कळणारी एकच व्यक्ती होती, त्याची पुतणी जान्हवी. थोरला भाऊ रामचंद्र लवकर गेला, आणि मंजुळावहिनीनं पोरीला मुलुंडमध्ये एकटीनं वाढवलं. सुट्टीत जान्हवी भांडुपला यायची. चाळीच्या मागच्या चढावर जयवंतनं तिला गिअरची सायकल शिकवली, आणि कुठली चकती कधी घ्यायची ते पायांना कळेपर्यंत दमवलं. मोठी झाल्यावर ती मुलुंडच्याच एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली. घाबरलेल्या बायका, रिटायर झालेले काका लोक तिचंच नाव घेऊन यायचे. सुट्टीच्या दिवशी ती मिहिरच्या गाड्या चालवून बघायची, आणि पुढे शर्यतीतही उतरायला लागली. चारशे मीटरची सरळ शर्यत, हिरवा दिवा लागला की सुटायचं, संपेपर्यंत पाय उचलायचा नाही. बाईमाणूस म्हणून लोक बघायला जास्त जमायचे. मिहिरला तेही हवंच होतं.

गेल्या वर्षी मिहिरनं एका राखाडी हॅचबॅकवर खूप काम केलं. टर्बो मोठा बसवला, इंजिन उतरवून पुन्हा बांधलं. तरी गाडी चौदा पॉइंट सहा सेकंदांच्या खाली येईना. मिहिर म्हणाला, अजून मोठा टर्बो लावू. जान्हवी गाडीतून उतरून सरळ जयवंतच्या बाकाकडे आली.

"काका, दुसऱ्यात मस्त पळते. तिसरा टाकला की झोपते रे."

"काटा?"

"सात हजारला सोडला तर चव्वेचाळीसशेवर येतो."

"आणि टर्बो जागा कधी होतो?"

"अठ्ठेचाळीसशेच्या पुढे."

जयवंतनं खिशातून पेन्सिल काढून पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. तिसऱ्या गिअरचे दात बदलून त्याला दुसऱ्याच्या जवळ आणायचं, म्हणजे काटा पाच हजारांवर थांबेल आणि टर्बोला झोपायला वेळच मिळणार नाही. शिवाय चाकांच्या आधीची शेवटची जोडी तीन पॉइंट नऊची आहे, ती चार पॉइंट चार करायची. त्यानं प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर आठव्या हिश्शानं वाढेल. इंजिनला हातसुद्धा लावायचा नाही.

मिहिरनं पुठ्ठा बघितला. "जोर वाढतो तर चार पॉइंट नऊच करू ना."

"मग चौथ्याचा वेग लवकर संपेल. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाचवा टाकावा लागेल. एकदा गिअर बदलला की पाव सेकंद गेला. सुरुवातीला कमावलेलं शेवटी घालवशील."

मिहिरनं पुठ्ठ्यावरचे आकडे पुन्हा वाचले. तो मूर्ख नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, "काका, हे जमलं तर गाडीच्या दारावर तुमचं नाव टाकतो. गिअरबॉक्स, जयवंत मुणगेकर. प्रॉमिस."

त्या दिवशी जयवंत घरी जाताना भांडुप स्टेशनाबाहेर उगाच थांबून वनमालेसाठी जिलबी घेऊन गेला.

दात त्यानं स्वतः कापले. तीन आठवडे लागले. कापलेला गिअर मऊ असतो, त्याला भट्टीत घालून कडक करावं लागतं, आणि ते काम घाईचं नाही. मुलुंडला त्याच्या ओळखीचा एक जुना भट्टीवाला होता, तो दहा दिवस घ्यायचा. पण शर्यत आठवड्यावर आलेली. मिहिरनं परस्पर दुसऱ्या एका भट्टीतून तीन दिवसांत सगळं करून आणलं.

शुक्रवारी गिअर बाकावर आले. जयवंतनं सवयीप्रमाणे कानस घेतली. चांगल्या कडक झालेल्या दातावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. शेवटच्या जोडीचे दात ठीक होते. तिसऱ्यावर कानस चावली. बारीक चमकदार चुरा त्याच्या बोटाला लागला. त्यानं दुसऱ्या दाताला लावून बघितली, तिथेही चावली.

तो मिहिरकडे गेला. "तिसरा मऊ आहे. हा नाही बसवायचा."

"मग काय जुना घालू? रविवारी शर्यत आहे, काका. दोनच फेऱ्या. पंधरा पंधरा सेकंदांची गोष्ट. सोमवारी काढून टाकू."

"दात सुटला तर?"

"सुटला तर गाडी थांबेल. हरू. अजून काय होणार?" मिहिरनं मोबाइल पुढे केला. "हे बघा, स्टिकरवाल्यानं पाठवलंय."

राखाडी दाराचा फोटो होता. पांढऱ्या अक्षरांत जयवंतचं पूर्ण नाव. मुणगेकर नीट लिहिलेलं, चुकीची वेलांटी नाही, काही नाही. जयवंतनं तो फोटो बराच वेळ बघितला. मग मागे आला आणि गिअरबॉक्स जोडायला घेतला. शनिवारी दुपारी काम संपलं. जान्हवी गाडी न्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "सगळं झकास ना, काका?" तो म्हणाला, "तिसरा टाकताना घाई कर, पण झटका देऊ नको." आणि त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली.

शर्यत शहरापासून दोन तासांवर एका जुन्या धावपट्टीवर होती. पहिल्या फेरीत जान्हवीनं बरोबर चौदा सेकंदांत चारशे मीटर काढले. सात हजारला दुसरा सोडला आणि गाडी तिसऱ्यात दम न खाता तशीच ओढत गेली. कडेला उभं राहून जयवंतला तो आवाज ऐकू आला. मधे खड्डाच नव्हता. एकवीस वर्षं कारखान्यात आणि नऊ वर्षं मिहिरकडे त्यानं जे डोक्यात ऐकलं होतं, ते आता डांबरावरून गेलं होतं. दोन-तीन अनोळखी पोरं दारावरचं नाव वाचून त्याच्याकडे आली, त्याच्याबरोबर फोटो काढले. एकानं तर विचारलं, "सर, गिअरचा रेशो कसा ठरवता?" आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी सर म्हणालं.

अंतिम फेरीला दीड तास होता. गिअरबॉक्सच्या तळाला तेल काढायचा बोल्ट असतो, त्याच्या टोकाला लोहचुंबक. आत काही झिजत असेल तर त्याचा चुरा तिथे चिकटतो. काढून बघायला दहा मिनिटं लागली असती. पाना जयवंतच्या हाताशी होता, गाडी जॅकवर होती. चुंबकावर काय दिसेल ते त्याला माहीत होतं, आणि दिसल्यावर गाडी सोडता येणार नाही हेही माहीत होतं. त्यानं पाना पेटीत ठेवला आणि पोरांना रेशो समजावत बसला.

अंतिम फेरीत दुसरा सुटला, तिसरा पडला आणि लोखंडी पाटावर हातोडा पडावा तसा एक आवाज आला. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी अडकली. गाडी काळे पट्टे ओढत डावीकडे फिरली आणि मातीच्या बांधावर डाव्या अंगानं आदळली. जान्हवीचा डावा हात अजून गिअरच्या दांड्यावरच होता. मनगट तीन ठिकाणी मोडलं.

हॉस्पिटलमध्ये जयवंत पोचेपर्यंत मिहिर आयोजकांशी बोलून मोकळा झाला होता. ड्रायव्हरनं तिसऱ्याऐवजी पहिला टाकला. पहिला आणि तिसरा दोन्ही वरच्या अंगाला, शेजारी शेजारी, घाईत चुकतं माणूस. आयोजकांनी तेच लिहून घेतलं. गाडी उघडून बघायची तसदी कोणी घेतली नाही. अपघाताचा व्हिडिओ त्याच दिवशी सगळीकडे फिरला आणि खाली लोकांनी लिहिलं ते नेहमीचंच होतं. बायकांच्या हातात गाडी दिली की वाट लागणारच. ताईला आधी पहिली-तिसरी शिकवा.

दोन दिवसांनी जयवंतनं गिअरबॉक्स उघडला. मिहिर बाजूला उभा होता. तिसऱ्या गिअरचे चार दात मुळापासून गेले होते, आणि त्यातला एक तुकडा शेजारच्या जोडीत पाचर मारल्यासारखा रुतून बसला होता. पहिल्या गिअरवर साधा ओरखडाही नव्हता.

"पहिला पडलाच नव्हता," जयवंत म्हणाला.

मिहिरनं शटर अर्धं खाली ओढलं. "काका, गिअर तुम्ही कापला. मऊ आहे हे तुम्हाला कळलं. बसवला तुम्ही. दारावर नाव कोणाचं आहे?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. "माझ्याकडे चौदा माणसं कामाला आहेत. ती बरी होईल. लोक पंधरा दिवसांत विसरतील. आपण दोघं बोललो तर दोघंही संपलो."

जयवंतनं मोडका गिअर फडक्यात गुंडाळून आपल्या डब्याच्या पिशवीत टाकला. अर्ध्या शटरखालून वाकून तो बाहेर पडला. तो कोणाकडे बोलणार नाही, हे मिहिरला कळलं.

चौथ्या दिवशी जान्हवीनं त्याला विचारलं. मनगटात सळ्या घातलेल्या, हात उशीवर ठेवलेला. मंजुळावहिनी औषधं आणायला खाली गेली होती.

"काका, मी क्लच दाबला होता. मला नक्की आठवतंय. पहिला पडला असला तरी क्लच दाबल्यावर चाकं सुटायला हवी होती ना?"

बरोबर प्रश्न होता. त्यानंच तिला असे प्रश्न विचारायला शिकवलं होतं. अडथळा क्लचच्या पुढे, चाकांच्या बाजूला होता. ती क्लच दाबून बसली असती तरी चाकं सुटली नसती. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी तिला सगळं कळलं असतं.

"घाईत होतं असं," जयवंत म्हणाला. "पाय अर्धाच गेला असेल."

जान्हवी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असेल."

दोन महिने गेले. प्लास्टर निघालं, पण मनगट पुरतं वळेना. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं तिला गाडीवरून काढून टेबलावर बसवलं, फॉर्म भरून घ्यायला. हाताचं कारण पुढे केलं. खरं कारण असं, की दोन-तीन जणांनी व्हिडिओ दाखवून सांगितलं होतं, या मॅडम नकोत. ही गोष्ट वनमालेला मंजुळेकडून कळली. ती कोळंबी सोलत बसली होती, जयवंत समोर पेपर धरून.

"जान्हवी आता म्हणता, चूक आपलीच," वनमाला म्हणाली. "देवाक नवस बोललीत वहिनी."

"तिची नाय," जयवंत म्हणाला.

"मगे कोणाची?"

त्यानं सांगितलं. कानस, फोटो, चुंबक, सगळं. सांगताना एकदाही थांबला नाही. वनमालेचे हात तेवढे थांबले.

"तुमका म्हायत होता?"

"होता."

"बसवच्या आधी?"

"आधी."

तिनं उरलेली कोळंबी सोलून संपवली. सालं कागदात गुंडाळली. मग म्हणाली, "माका कित्याक सांगतास? तिका सांगा." त्या दिवशी तिनं त्याला वाढलं, पण त्याच्याबरोबर जेवायला बसली नाही.

रविवारी सकाळी जयवंत मुलुंडला गेला. पिशवीतून फडकं काढून त्यानं गिअर टेबलावर ठेवला. जान्हवीनं उजव्या हातानं तो उचलला, मोडक्या दातांवरून अंगठा फिरवला. समजावायची गरज पडली नाही.

"तिसरा," ती म्हणाली.

"मऊ राहिला होता."

"तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी. बसवायच्या आधी."

जान्हवीनं गिअर उजेडाकडे धरला. आत मंजुळावहिनी भांडी लावत होती, तो आवाज बंद झाला.

"हॉस्पिटलमध्ये मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा उघडून बघितला होता."

"दोन महिने मी रोज करून बघतेय, काका," जान्हवी म्हणाली. "पलंगावर बसून. दुसरा, न्यूट्रल, तिसरा. हात दर वेळी तिसऱ्याकडेच जातो. मग वाटायचं, त्या दिवशी तरी गेला नसेल. मी माझ्याच हाताला खोटं पाडलं." ती गिअर ठेवायला गेली, पण ठेवला नाही. "पहिल्या फेरीनंतर नुसतं म्हणाला असतास तरी मी गाडीतून उतरले असते."

"माहीत आहे."

"मग?"

जयवंतनं इथे येताना बसमध्ये बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. "तू उतरशील म्हणूनच नाही बोललो," तो म्हणाला.

मंजुळावहिनी दारात येऊन उभी राहिली. "भावजी, तुम्ही आता जावा," ती म्हणाली.

गिअर जान्हवीनं ठेवून घेतला. जाताना तिनं एवढंच सांगितलं, की हे आयोजकांना लिहून दे, तुझ्या सहीनं.

त्यानं लिहून दिलं. दोन पानं, आपली चूक न झाकता, मिहिरचीही न झाकता. गिअरचे फोटो जोडले. पंधरा दिवसांनी तीन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण नोंद होऊन बंद झालं आहे, सुटा भाग त्याच गाडीतला असल्याचं आता सिद्ध करता येत नाही, आपण संबंधित ड्रायव्हरचे नातेवाईक असल्याचीही नोंद घेतली आहे. मिहिरनं त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. वर्कशॉपमधल्या माणसांत बोललं गेलं, की म्हातारा पुतणीला सोडवायला स्वतःवर घेतोय. खरं सांगून आपल्याला शिक्षा होईल असं जयवंतला वाटलं होतं. शिक्षासुद्धा झाली नाही. कोणी ते खरं मानलंच नाही.

राखाडी गाडी दुरुस्त होऊन पुन्हा शर्यतीला उतरली. या वेळी तिसरा गिअर मुलुंडच्या भट्टीतून दहा दिवस घेऊन आला होता. तेरा पॉइंट नऊ सेकंद लागले. मिहिरनं व्हिडिओ टाकला आणि त्यात रेशो कसा ठरवायचा ते समजावून सांगितलं. शिडीच्या पायऱ्यांचं उदाहरण दिलं.

जयवंत आता भांडुपला एका रिक्षावाल्याच्या गॅरेजमध्ये बसतो. रिक्षाचे गिअरबॉक्स उघडतो, साफ करतो, जोडतो. कोणाला काही विचारत नाही. वनमाला महिन्यातून दोनदा मुलुंडला जाते, एकटी. परत आल्यावर तिकडचं काही सांगत नाही.

मागच्या महिन्यात तो मुलुंडला एक सुटा भाग आणायला गेला होता. सिग्नलजवळ रस्ता ओलांडायला उभा असताना ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावलेली एक पांढरी गाडी त्याच्यासमोर येऊन थांबली. गाडी ऑटोमॅटिक होती. मालकानं ती नवी घेतली होती, आणि ज्यांना गिअरची भीती वाटते त्यांना शिकवायला जान्हवीला पुन्हा बसवलं होतं. स्टिअरिंगवर एक पांढऱ्या केसांची बाई होती. जान्हवी तिच्या शेजारी, डावा हात मांडीवर ठेवून. खिडकी उघडी होती, आणि काका-पुतणीमध्ये हातभराचं अंतर होतं.

"काकीचा गुडघा कसा आहे?" जान्हवीनं विचारलं.

"बरा आहे. तुझा हात..."

सिग्नल हिरवा झाला. "ब्रेकवरचा पाय सावकाश काढा," ती बाईंना म्हणाली, आणि गाडी निघून गेली. जयवंतला रस्ता ओलांडायचा होता. तो पुढच्या लाल दिव्याची वाट बघत तिथेच उभा राहिला.